पेटतं टोक तोंडात
आज कपाट आवरताना सिगारची अॅल्युमिनियमची नळी हाताला लागली आणि केरीच्या घरातल्या बलकांवावरची, म्हणजे पुढच्या ओसरीवरची, ती दुपार आठवली. जहाजावर नोकरी करणाऱ्या मेहुण्याने क्युबाची एकच सिगार या नळीतून आणली होती आणि वडील न् मी सकाळपासून तिच्याभोवतीच घुटमळत होतो. टोक कापायला घरात आदोळी, म्हणजे खवणीची विळी, सोडून काही नव्हतं. खोबऱ्याचा वास येणाऱ्या त्या पात्यावरच मेहुण्याने ते उडवलं. "धूर गिळायचा नाही, तोंडात घोळवायचा," त्याने बजावलं. पण वडिलांनी विडीसारखा झुरका छातीत ओढला आणि खोकून त्यांचे डोळे लाल झाले. माझंही तेच झालं. चव कसली लागली विचारल्यावर आम्ही दोघेही म्हणालो, धुराची. तेवढ्यात रोज मासे घेऊन येणारी म्हातारी टोपली उतरवून पायरीवर टेकली. ती विडी ओढायची ती पेटतं टोक तोंडात धरून, तिच्या आईसारखी. "म्हाका दी पळया," म्हणत तिने सिगार घेतली आणि सवयीने उलटी केली. मेहुणा ओरडला. ती मात्र ओठ आवळून, डोळे मिटून बसली. मग सावकाश म्हणाली, "पयलीं गूळ लागता, मागीर मिरी, आनी शेवटाक भाजिल्ली काजूबी." उरलेली सिगार विझवून तिने अंबाड्यात खोवली आणि टोपली उचलली. परत मागायची कुणाची छाती झाली नाही. आत्ता नळीचं झाकण काढून नाक लावलं. आधी गूळ आला, मग मिरी. काजूबीसाठी अजून थांबलोय.