रिकामं चालणं

व्यंकटरावांची उभी हयात परभणीत इंग्रजी शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर ते बोरीजवळच्या एका खेड्यात, बायकोच्या, मनकर्णाबाईंच्या माहेरी, घर बांधून राहिले. ‘सॉन्टर’ हा त्यांचा लाडका शब्द. रमतगमत चालणं, कुठं पोचायची घाई नसलेलं. वर्गात ते तसं चालून दाखवत. आता दिवस कलला की शेतांमधल्या पांदीनं तसेच निघत. एखाद्या विहिरीशी थांबत, वाकून पाणी बघत, पुढं जात.

निघालेल्या माणसाला ‘कुठं’ विचारलं की काम फिसकटतं, म्हणून गावात कुणी तसं विचारत नसे. “लांब?” एवढंच म्हणत.

“नाही, असंच,” सर सांगत.

दिवाळीनंतर विहिरींवरच्या मोटारींची केबल चोरीला जाऊ लागली. आणि गावात रिकामा हिंडणारा माणूस एकच होता. सर हॉटेलात शिरले की बोलणं थांबू लागलं. गिरणीत मनकर्णाबाईंच्या कानावर आलं, “सर रोज विहिरी बघत हिंडायलेत.” पलीकडच्या गावात अशाच संशयावरून एका फिरस्त्याला झोडपलं होतं. तो अजून दवाखान्यात होता.

“अहो, हातात विळा तरी धरा. गवताला गेले म्हणतील.”

“आपल्या दारात जनावर कुठंय? केबल कापायला विळा घेतला म्हणतील.”

शेजारच्या मुंजाजीचीही केबल गेली होती. सर त्याच्या ओट्यावर जाऊन बसले आणि समजावू लागले ते ‘सॉन्टर’ शब्दापासूनच. “हा शब्द कुठून आला, नक्की कुणालाच ठाऊक नाही. एक गोष्ट सांगतात, कोशवाले ती मानत नाहीत. जुन्या काळी युरोपात रिकामे लोक गावोगाव हिंडायचे. हटकलं की म्हणायचे, ‘सँत तेर’ला, म्हणजे पवित्र भूमीला निघालोय. लोक भाकरतुकडा द्यायचे. पुढं लोकांना संशय यायला लागला.”

“मग काय केलं त्यांचं?”

ते सरांनी कुठंच वाचलं नव्हतं.

“गोष्ट लय चांगली हाय, सर,” मुंजाजी म्हणाला. “पण तुमीच म्हणलात, खरी न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सर पायऱ्या उतरले. पारावर पोरं बसली होती. त्यांच्यातून मुंजाजी उठला.

“कुठं निघालात, सर?”

दारात मनकर्णाबाईंनी तोंडाला पदर लावला. बोरीला, दुकानाला, काहीही सांगता आलं असतं.

“कुठंच नाही,” सर म्हणाले.

ते पांदीला लागले तशा मागं दोन मोटारसायकली सुरू झाल्या. मागोमाग येत राहिल्या, पुढं मात्र गेल्या नाहीत. पाय उचलावा, तर पळाला म्हणतील. माघारी वळावं, तर भ्याला म्हणतील. सर त्याच चालीनं, सावकाश चालत राहिले. पहिली विहीर आली. तिच्याकडं बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण मान आपोआप वळली.