बाईना तवा

मधलं बोट वाकवून त्याच्या पेरानं अक्का तव्यावर टकटक करायच्या. एकदा मध्यभागी, एकदा काठाजवळ. मग डोळे मिटून कान लावायच्या आणि म्हणायच्या, "बोलस तो." तव्यानं काही उत्तर दिलं नाही, तर तो दुकानदारापुढे सरकवून, "हाऊ मुका शे. ठेव त्याले."

आमच्या जळगावच्या कॉलनीतल्या निदान वीस घरांतले बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, तवे या टकटकीतून पार पडून आलेले होते. हे आधीच सांगते, कारण पुढे त्या वीस घरांबद्दल मला चार शब्द बोलायचे आहेत आणि ते गोड नाहीत.

अक्का माझ्या शेजारी राहायच्या, भिंतीला भिंत. मुलगा पाइपच्या कारखान्यात, सून कामाची आणि कमी बोलणारी. अक्का मूळच्या सोनगीरच्या. सोनगीर म्हणजे तांब्यापितळेच्या भांड्यांचं गाव. तिथे पहाटेपासून हातोड्यांची ठकठक चालते आणि लहान मुलंही आवाजावरून सांगतात की हंडा ठोकला जातोय की परात. अक्कांचा कान तिथे तयार झालेला. पण गंमत अशी की तांब्यापितळेच्या गावची ही बाई जळगावात येऊन जीव लावून बसली काळ्या ढुस्स बिडावर. पितळ पाहुण्यांसाठी आणि बीड घरच्यांसाठी, असं त्यांचं साधं गणित होतं.

मी लग्न होऊन धुळ्याहून आले ती ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलींच्या शाळेत शिकवायचे, म्हणून अक्का मला पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणत आणि अगंतुगं करत. माझ्या घरात पत्र्याचा पातळ तवा होता. त्यावर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी मध्ये करपायची आणि कडेला कच्ची राहायची. भिंतीपलीकडे करपल्याचा वास गेला असणार, कारण तिसऱ्या दिवशी अक्का मला भांडेबाजारात घेऊन गेल्या.

दुकानदार ओळखीचा होता आणि धास्तावलेलाही. अक्कांनी एकेक तवा बोटावर अडकवून वाजवायला सुरुवात केली. सात-आठ तवे मुके निघाले. एकाला तर काळा रंग फासून तडा लपवलेला होता. दुकानदार म्हणाला, सगळे सारखेच असतात हो अक्का. अक्कांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"सारखा शेतस तं बठ्ठा तूच ठेव."

शेवटी त्यांना हवा तसा मिळाला. तळ सपाट, जाडी सगळीकडे सारखी, कुठे टोचलेलं छिद्र नाही. वाजवला तर देवळातल्या लहान घंटेसारखा बराच वेळ घुमत राहिला. वजन इतकं, की रिक्षातून उतरताना माझं मनगट दुखलं. मी तसं म्हटल्यावर अक्का म्हणाल्या की जड आहे म्हणूनच तो ताप धरून ठेवतो, हलका तवा आणि हलका माणूस लगेच तापतात आणि लगेच निवतात.

मग तवा तयार करण्याचा सोहळा. एकदाच राखेनं धुवायचा, चुलीवर कोरडा करायचा आणि रोज फडक्यानं शेंगदाण्याचं तेल चोपडून तापवायचा. एक दिवस जाडं मीठ आणि कांद्याची सालं त्यावर परतायची. "नवरदेव शे हाऊ," अक्का म्हणाल्या, "आधी तेल, मंग काम." पहिल्या चार भाकऱ्या गाईला घालायच्या. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतायचं नाही, तडकतो. चिंच-टोमॅटो त्यावर शिजवायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे साबण.

"साबू दावजो नको त्याले."

मी शिकलेली. महिन्याभरात पाहुणे यायचे होते. काळाकुट्ट तवा ओट्यावर बरा दिसत नाही म्हणून मी तो साबण आणि वीटकर लावून तासभर घासला, पांढरा केला आणि खिळ्याला टांगला. सकाळी त्यावर तांबडा गंज. अक्का साखर मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. राग त्यांच्या नाकावर असायचा. पण त्या दिवशी आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं.

"शाळामा पाटी पुसस, तशी यान्ही पाटी पुसी टाकी तू."

आणि पदर खोचून त्यांनीच पुन्हा तेलाचं फडकं हातात घेतलं. दुसऱ्यांदा सगळा सोहळा झाला. यावेळी रोज येऊन पाहून जात. तिसऱ्या आठवड्यात त्या तव्यावर धिरडं टाकलं आणि ते उलथनं न लावता सुटलं, तेव्हा अक्का माझ्याकडे न बघता तव्याकडे बघून हसल्या.

आणि ठेचा. तो काही मला, धुळ्याच्या मुलीला, नवा नव्हता, पण त्या तव्यावरचा ठेचा वेगळाच. हिरव्या मिरच्या, लसूण आणि दाणे तव्यातच भाजायचे आणि तिथेच पाण्याच्या तांब्याच्या बुडानं रगडायचे. खाली पाटा नको, वर वरवंटा नको. बीड ते सगळं सोसतं. सकाळी आमच्या ओळीत घरोघर तो रगडण्याचा आवाज येई.

आता त्या वीस घरांबद्दल.

नव्वद उलटल्यावर न चिकटणारे तवे आले. उन्हाळ्यातल्या एका रविवारी कॉलनीच्या मंदिराच्या ओट्यावर दोन तरुण टाय लावून उभे राहिले. जळगावच्या मे महिन्यात टाय. तेव्हाच आम्हाला शंका यायला हवी होती. जुनं लोखंडी भांडं आणा, नवा तवा सवलतीत न्या. एकानं त्या तव्यावर तेलाशिवाय धिरडं टाकलं आणि ते बर्फावरून घसरावं तसं ताटात आलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. जणू काही तसं धिरडं त्यांच्या घरी रोज सुटत नव्हतं.

अक्का तेव्हा सोनगीरला भाच्याच्या लग्नाला गेलेल्या. त्या असत्या तर एकीचीही हिंमत झाली नसती. त्या नाहीत हे पाहूनच सगळ्या धावल्या, हे मी शपथेवर सांगते. ज्या पाटीलबाईंनी तवा निवडायला अक्कांना भर उन्हात तीन दुकानं फिरवलं, त्या सगळ्यांत पुढे. ज्या महाजनबाईंच्या तव्याला अक्का सात दिवस स्वतःच्या घरचं तेल चोपडत होत्या, त्या दुसऱ्या. गरज सरो, वैद्य मरो. म्हणे मनगट दुखतं. म्हणे काळं दिसतं. म्हणे आता सगळीकडे हेच आहे. मला अजून संताप येतो.

आणि सगळ्यात जास्त संताप ज्या बाईचा येतो, ती रांगेत सातवी होती. शाळेतल्या शिक्षकखोलीत चौघींनी हेच तवे घेतले होते आणि माझ्याकडे अजून बीड आहे म्हटल्यावर हसल्या होत्या. तेवढं पुरलं. माझा तवा मी वर्तमानपत्रात गुंडाळून नेला. का गुंडाळला? कोणी पाहू नये म्हणून. म्हणजे काय करतेय ते मला पुरतं कळत होतं.

बीड पोत्यात मावावं म्हणून एक माणूस कडेला बसून घणानं तवे फोडत होता. बीड वाकत नाही, फुटतं. एका घावात तीन तुकडे. तेवढ्यात रस्त्यावर रिक्षा थांबली आणि अक्का उतरल्या. धुळ्याच्या एसटीनं आलेल्या, काखेत पिशवी आणि हातात भावानं आहेर केलेलं नवं कोरं पितळी पातेलं. मागाहून त्यांनी सांगितलं की वळणावरच त्यांना आवाज ओळखू आला होता.

आता भांडण होणार म्हणून आम्ही सगळ्या अंग चोरून उभ्या. पण अक्का सरळ पुढे आल्या. ढिगासमोर खाली बसल्या. वरचा तवा उचलला, बोटाला अडकवला, वाजवला, कान लावला.

"हाऊ पाटीलबाईना."

दुसरा उचलला. "हाऊ महाजनबाईना."

एकही चुकला नाही. जिचं नाव घेतलं जाई ती बाई ओट्याच्या फरशीकडे बघे. टायवाले आधी हसले, मग वाकून ऐकू लागले. पाचवा की सहावा तवा वाजवून अक्कांनी हात थांबवला. तो बराच वेळ घुमत होता. माझ्या काखेत नव्या तव्याचं रंगीत खोकं होतं आणि ते कुठे ठेवावं ते मला कळेना.

"हाऊ बाईना," त्या म्हणाल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. घणवाल्याला म्हणाल्या, "हाऊ फोडजो नको."

टायवाला म्हणाला की तवा जमा झाला, त्यावर भांडं दिलं गेलं, आता परत कसा देणार. अक्कांनी क्षणभर विचार केला आणि हातातलं पितळी पातेलं त्या ढिगावर ठेवलं. भावाचा आहेर होता तो. सोनगीरचं पातेलं, ठोक्यांच्या खुणा अजून चमकत होत्या. त्या तरुणानं ते घाईनं पोत्यात सरकवलं आणि तवा अक्कांना दिला. त्याला दोष देऊ नये असं म्हणतात. मी देते. पण त्याच्याआधी आम्हा सगळ्यांना देते, कारण वीस बायका तिथे उभ्या होत्या आणि एकीच्याही तोंडून शब्द फुटला नाही. मी एक पाऊल पुढे टाकलं असतं तरी पुरे होतं. "अक्का, थांबा," एवढंच म्हणायचं होतं. मी खोकं धरून उभी राहिले.

पुढचं ऐका. पंधरवड्यात सगळ्यांचे नवे तवे वाया गेले. आम्ही काय केलं असेल? खानदेशी बाई दुसरं काय करणार? मिरच्या भाजल्या आणि तांब्याच्या बुडानं तव्यातच ठेचा रगडला. लाकडी चमचाच वापरा असं टायवाल्यांनी सांगितलं होतं म्हणे, पण ठेचा चमच्यानं होतो हे आमच्या सात पिढ्यांत कोणी ऐकलं नव्हतं. तव्याचा काळा थर निघून ठेच्यात मिसळला आणि चार घरांनी तो भाजलेला लसूण समजून खाल्ला. त्यात आमचं घरही होतं.

मग बायका पुन्हा अक्कांच्या दाराशी. अक्का, बाजारात चला ना, एक चांगला निवडून द्या. अक्का भाजी निवडत बसलेल्या असत आणि मान वर न करता सांगत, "मन्हा कान गया आते." कान शाबूत होता. आमच्या घरी दूध उतू जाताना भिंतीपलीकडून हाक येई.

माझ्याशी त्या बोलायच्या थांबल्या नाहीत. भरीत झालं की वाटी यायची, माझ्या मुलीला ताप आला तर रात्रभर बसल्या. फक्त तव्याचा विषय नाही. त्यांनी काढला नाही आणि मला काढता आला नाही. मागायला कोणत्या तोंडानं जाणार होते? ज्याच्यासाठी त्यांनी माहेरचं पातेलं दिलं, तो मी वर्तमानपत्रात गुंडाळून टाकला होता. मी बाजारातून एकटीनं एक तवा आणला. दुकानात वाजवूनही पाहिला. मला सगळे सारखेच ऐकू आले.

अशी सहा वर्षं गेली. अक्का थंडीत गेल्या, फारसं अंथरूण न धरता. तेराव्यानंतर त्यांच्या सुनेनं मला घरात बोलावलं. स्वयंपाकघरात शेजारी शेजारी दोन खिळे आणि दोन तवे. दोन्ही काळेभोर, तुळतुळीत. तिनं उजवीकडचा काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"हा तुमचा. नेऊन ठेवा."

मी म्हटलं, इतकी वर्षं हा असा कसा राहिला, गंजला कसा नाही. ती म्हणाली की गंजेल कसा, आई एक दिवस घरच्या तव्यावर भाकरी करायच्या आणि एक दिवस बाईच्या. हात थरथरायला लागले तेव्हा सुनेला करायला लावायच्या. रोज सकाळी विचारायच्या, आज कोणाची पाळी आहे. तिनं चुकून घरचाच तवा ठेवला तर ओरडायच्या, "बाईना तवा ले."

"मग मला दिला का नाही कधी?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. मला खरंच राग आला होता, मेलेल्या माणसावर.

सून म्हणाली, "मीसुद्धा म्हणायचे, देऊन टाका. तर म्हणायच्या, 'मांगाले येई ती.'"

तवा घेऊन घरी आले. बोटाला अडकवला, मधलं बोट वाकवून टकटक केली आणि कान लावला. बराच वेळ बोलत होता.

सहा वर्षं आमच्या दोन स्वयंपाकघरांमध्ये एक भिंत होती, एका विटेची. रोज सकाळी पलीकडे भाकरी थापल्याचा आवाज मला ऐकू यायचा. दिवसाआड ती माझ्या तव्यावर पडत होती.