बटण, नाडी आणि आत्यांच्या किल्ल्या

शेवटचा दोरा कात्रीनं कापून झाल्यावर शेजारच्या विमावाल्यांच्या लक्षात आलं, की यातली कोणती किल्ली कुणाची हे आता देवालाही सांगता येणार नाही. इमारतीतल्या सगळ्या घरांच्या जादा किल्ल्या आत्यांच्या परातीत ढीग होऊन पडल्या होत्या. खाली फरशीवर दुसरा ढीग: तुटकी बटणं, बुटाची नाडी, कंगव्याचा तुकडा, लाल लोकर. आणि बाजूला विमावाल्यांनी बाजारातून हौसेनं आणलेली चकचकीत किल्लीपेटी, आत नंबर टाकलेले हूक, आ वासून रिकामी.

हेतू चांगलाच होता. विमावाले आयुष्यभर लोकांना चोरीची भीती विकत आले, आणि विकता विकता ती त्यांनाच लागली. दाराला त्यांनी दोन कुलपं घातली, वर आपोआप बसणारं लॅच. त्या लॅचनं आजवर चोर एकही अडवला नाही, विमावाल्यांना मात्र वरचेवर अडवलं. दूध घ्यायला बाहेर यावं, मागं दार ओढलं जावं, आणि बनियनवर आत्यांच्या दारात उभं राहावं, हे ठरलेलं.

आत्या तशा कुणाच्याच आत्या नव्हत्या. कधीकाळी वरच्या नर्सबाईंनी ‘एवढी ठेवा हो’ म्हणत एक किल्ली दिली. मग शिंप्यानं दिली. आत्यांनी बोट दिलं, तर अख्ख्या इमारतीनं हात धरला. किल्लीसोबत माणसं गाऱ्हाणीही ठेवून जात. सुनेचं, सासूचं, वरून ठिबकणाऱ्या पाण्याचं. दुपारी जरा डोळा लागला की बेल वाजायची. आत्या गुडघ्यांवर हात टेकून उठायच्या आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्यांवरून नेमकी किल्ली काढायच्या. नंबर त्यांनी कधी लिहिले नाहीत. चोर आलाच तर त्याला पत्तेही आपणच लिहून द्यायचे का, असं त्यांचं म्हणणं. शिंप्याच्या किल्लीला बटण, नर्सबाईंच्या किल्लीला लाल लोकर, बाकीच्या खुणा फक्त आत्यांच्या डोक्यात.

म्हणूनच त्यांचा पाय घरातून निघत नव्हता. परगावी लेकीला मुलगी झाली, ती रांगायला लागली, तिला दात आले, आणि इकडे आत्या लोकांच्या किल्ल्या राखत बसल्या. जायचं काढलं की कुणीतरी हमखास विचारायचं, मग आमच्या किल्लीचं काय? शेवटी विमावालेच म्हणाले, आठवडाभर मी सांभाळतो, तुम्ही जाऊन या. आज संध्याकाळची बस होती. बॅग भरून दाराशी तयार. नातीला खुळखुळा आणायला आत्या कोपऱ्यावर गेल्या, तेवढ्यात कारभाराला शिस्त लावावी म्हणून विमावाल्यांनी कात्री हातात घेतली.

आत्या परत आल्या. आधी परातीकडे पाहिलं, मग बॅगेकडे. त्या ओरडल्या असत्या तर विमावाल्यांना बरं वाटलं असतं. त्या स्टुलावर टेकल्या, खुळखुळा मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, “उचला परात.”

रविवार होता, त्यामुळे सगळे घरीच होते. पुढे कठडा धरत आत्या, मागे परात घेऊन विमावाले.

“काय विमावाले, भांडी विकायला काढली?” शिंप्यानं दारातूनच विचारलं. विमावाल्यांनी परात पुढे केली.

एकेक किल्ली घालून बघायची, फिरली नाही तर दुसरी. फिरली की आत्या ती त्या घरच्या माणसाच्या हातात ठेवत आणि पुढचा जिना चढत. विमावाल्यांना वाटलं, खूण पटावी म्हणून देत असतील, मागाहून गोळा करतील. वरच्या मजल्यावर नर्सबाईंनीही सवयीनं किल्ली पुन्हा पुढे केली. आत्यांनी हात मागे घेतला.

“दमले गं आता,” त्या म्हणाल्या.

नर्सबाईंचा जन्म दमलेल्या माणसांत गेलेला. त्यांनी किल्ली पर्समध्ये टाकली.

परातीत एकच उरली. ती कुणाची, हे लावून बघायची गरज नव्हती. आत्यांनी ती विमावाल्यांच्या हातात दिली, सावकाश खाली येऊन बॅग बाहेर घेतली, स्वतःच्या दाराला कुलूप लावलं आणि चप्पल सरकवली. बस चुकणार नव्हती. परात अजून विमावाल्यांच्या काखेतच होती, पण ती परत मागायचं आत्यांना सुचलं नाही.

“अहो आत्या,” विमावाले काकुळतीला येऊन म्हणाले, “पण माझं दार पुन्हा ओढलं गेलं तर?”

“जिना झाडलेला आहे, बसा.”