गाईची मॅट आणि आत्याचं माहेरपण

गाईच्या अंगाखालची रबरी मॅट कापून मोटारीच्या इंजिनात बसवू नये, असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. मी शोधलं. म्हणजे, बसवून झाल्यावर शोधलं.

मोटार माझ्या वडिलांची, आबांची. आकाशी रंग, गोल दिवे आणि दार लावताना येणारा भरदार आवाज (दार दोनदा लावावं लागतं, म्हणून आवाजही दोनदा ऐकायला मिळतो!). माझ्या आजोबांनी ती घेतली तेव्हा आमच्या कन्हेरी गावात एवढी मोठी बातमी दुसरी नव्हती. आबांना बहीण एकच. त्या आमच्या आत्याची पाठवणीही ह्याच गाडीतून झाली, पळसदेवला. आता आबांची सत्तरी केव्हाच उलटली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी स्टिअरिंग सोडलं, पण गाडीचं कौतुक काही सोडलं नाही. "ह्या गाडीनं मला रस्त्यात कधी दगा दिला न्हाय," हे वाक्य ते पाहुण्यांना चहाच्या आधी देतात.

आणि ह्याच गाडीपायी आत्या रुसली होती. काही वर्षांपूर्वी तिनं पळसदेवला नवं घर बांधलं. वास्तुशांतीला आबा गाडी घेऊन एकटेच गेले. गाडी दारात उभी केली, आहेराची पिशवी खिडकीतूनच आत्याच्या हातात दिली आणि खाली न उतरता, चहाचा घोटसुद्धा न घेता तसेच माघारी फिरले! का, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. सख्ख्या भावानं नव्या घराचा उंबरा ओलांडला नाही, हे आत्याच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून तिनं माहेराचं नाव टाकलं. गावच्या यात्रेला घरोघरी लेकीबाळी यायच्या. आबा मात्र दिवसभर ओसरीवर रस्त्याकडं तोंड करून बसायचे आणि कुणी विचारलेलं नसताना सांगायचे, "मी कुणाची वाट बगत न्हाय." ते बघून मला फार वाईट वाटायचं.

ह्या वर्षी मी यात्रेच्या आधी आत्याला फोन लावला. हातापाया पडलो. बराच वेळ ती नुसती हुंकार देत होती. शेवटी म्हणाली, "येते. पर ज्या गाडीनं माझ्या दारातनं पाठ फिरवली, त्याच गाडीत बसून मुराळी आला पायजे. दुसऱ्या गाडीत मी पाय ठेवायची न्हाय." मुराळी म्हणजे सासुरवाशिणीला माहेरी आणायला जाणारा पाहुणा. हा मान माझ्याकडं आला. आबांना हे सांगितलं. ते उठून गाडीची काच धोतराच्या सोग्यानं पुसायला लागले.

आता एक गोष्ट मुद्दाम सांगतो. त्या दिवशी गाडी चालत होती. जरा थरथरायची, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की आचके द्यायची, पण चालत होती. ह्यामागचं कारण मी मोबाईलवर व्हिडिओ बघून शोधून काढलं. कार्बोरेटर इंजिनावर बसतो तिथं मधे दोन जाड रबरी तुकडे असतात, त्यांना मौंटिंग म्हणतात. ती झिजून चिरली की फटीतून नको तेवढी हवा आत जाते. मी बारामती एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीच्या कामाला आहे. दुसऱ्याच्या मालातली खोट काढायचा मला पगार मिळतो. तेव्हा ही खोट आपणच काढायची, असं मी ठरवलं.

"चालतीया तर चालू द्या की," बायको म्हणाली. सुवर्णा आमचा गाईंचा गोठा बघते आणि रोज पिकअप घेऊन डेअरीला दूध घालते. वाहनांबद्दल तिची मतं साधी आहेत.

"अगं, आत्याला घेऊन यायचंय. वाटंत बंद पडली म्हंजी?"

"आन तुमी हात लावल्यावर बंद पडली म्हंजी?"

मी दुर्लक्ष केलं. कार्बोरेटर सोडवला. जुनी मौंटिंग ओढली, तर त्यांचा हातातच भुगा झाला! पुण्याच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "ह्या गाडीचं? बघावं लागेल. पुढच्या आठवड्यात विचारा." यात्रा दोन दिवसांवर आलेली, आत्यानं बॅग भरलेली आणि इंजिनाला वरून भगदाड पडलेलं. मी डोक्याला हात लावून गोठ्यात जाऊन बसलो. आणि तिथं मला ती दिसली. नवीकोरी, काळीभोर, जाडजूड रबरी मॅट!

मॅटवर चंद्री उभी होती. चंद्री ही आबांची लाडकी गाय. मी म्हटलं, "सर बाई." ती सरली नाही. मी ढकललं, तर तिनं सगळा भार माझ्याकडच्या पायावर घेतला. शेवटी तिच्या पोटाखाली वाकून मी मॅटचा कोपरा कापला. मॅटच्या खालच्या अंगाला खाचा असतात, पाणी निचरून जावं म्हणून. जिथून पाणी जातं तिथून हवाही जाईल, एवढं क्वालिटीवाल्याला सुचायला हवं होतं. पेट्रोलनं साधं रबर फुगतं, हेही ठाऊक असायला हवं होतं. मी मात्र दोन तुकडे कापले, भोकं पाडली, नटबोल्ट आवळले आणि जरा लांब उभा राहून कौतुकानं बघितलं.

गाडी चालू झाली! फक्त एकच होतं, ॲक्सिलरेटरवर पाय दाबून धरला तरच ती चालू राहायची. पाय उचलला की ठार बंद. आणि एकदा बंद पडली की मागून तिघाचौघांनी ढकलल्याशिवाय पुन्हा जागी होत नव्हती.

"झाली का दुरुस्त?" सुवर्णानं विचारलं.

"झाली. जरा हात बसायला लागंल."

"हात न्हाय, पाय," ती म्हणाली आणि धारा काढायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांनी ढकलून दिली आणि मी निघालो. आबा गाडीसमोर नारळ फोडायला आले होते. मी पाय दाबून बसलेला, इंजिन कोकलतंय, आबा शांतपणे नारळाच्या शेंड्या काढतायत! नारळ फुटला तसे ते खिडकीशी आले. "तुझ्या आत्याला, शांतीला सांग..." म्हणाले आणि थांबले. "न्हाय, काय सांगू नगंस." त्यांचे डोळे भरले होते. मी खाली उतरून त्यांचा हात धरायला हवा होता, पण पाय अडकलेला होता.

एमआयडीसीच्या चौकात नेमकी पाळी सुटायची वेळ. समोर उसाची ट्रॉली, चहूकडून मोटारसायकली आणि मधे मी, न्यूट्रलमध्ये, गाडी जागेवरच गर्जतेय! आमच्याच खात्यातला एकजण मोटारसायकल खिडकीला लावून ओरडला, "सायेब, कुणासंगं रेस लावलीया?" मी हसून हात केला. तेवढ्यात इंजिन तापून गोठ्याचा खमंग वास सुटला. त्यानं आधी गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मोटारसायकल बाजूला घेतली.

भिगवणवरून हायवेला लागलो आणि न थांबता पळसदेवला पोचलो. उजनीचं पाणी मागं हटलं होतं. ते बघायला मान वळवायचीही माझी छाती नव्हती.

आत्या दारातच उभी होती. नवं लुगडं, हातात माझ्या पायांवर घालायला पाण्याचा तांब्या. शेजारी आत्याचे यजमान, आमचे मामा. पायरीवर भरलेली बॅग. मी दारात गाडी उभी केली आणि खिडकीतून ओरडलो, "आत्या, बस पटकन!"

आत्या हलली नाही. "खाली उतर. पाय धू. चा घे. मग जाऊ."

"आत्या, उतरता यायचं न्हाय! पाय उचलला तर गाडी बंद पडंल!"

"उतरायचं न्हाय?" आत्याचा आवाज बदलला. "तूबी दारातनंच माघारी जाणार?"

"अगं, तसं न्हाय..."

"बापाचा ल्योक शोभतोस!" तिनं तांब्यातलं पाणी तुळशीला ओतलं, बॅग उचलली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. इतक्या वर्षांचा रुसवा काढायला आलेलो मी, आणि त्याच दारात, त्याच गाडीत, तोच अपमान मी पुन्हा करून बसलो होतो. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

मामा स्वभावानं गरीब. त्यांनी एक तोडगा काढला. "पायाजागी वीट ठिव की."

हे मला का सुचलं नाही! मामांनी वीट आणली, मी ती ॲक्सिलरेटरवर ठेवली आणि हळूच पाय काढला. इंजिन बोंबलायला लागलं. कोंबड्या कुडाखाली पळाल्या. शेजारपाजारची माणसं काय झालं ते बघायला बाहेर आली. मी दार उघडून एक पाय जमिनीवर टेकवला, तोच बॉनेटखालून 'फट्' असा आवाज झाला, काळा धूर निघाला आणि सगळं शांत झालं. बॉनेट उघडून बघितलं, तर चंद्रीच्या मॅटचे तुकडे पेट्रोल पिऊन पुऱ्यांसारखे फुगले होते आणि कार्बोरेटर एका बाजूला मान टाकून लोंबकळत होता.

आता उतरायला काहीच हरकत नव्हती. मामांनी दार वाजवून उघडून घेतलं, मी पाय धुतले, घरात गेलो. आत्या बोलली नाही, पण जेवायला वाढलं. ताटात चिलापी माशाचं कालवण आणि भाकरी. तिला राग आला की ती माणसाला उपाशी ठेवत नाही, खायला घालून घालून बेजार करते. मी "बास" म्हटलं की आणखी एक भाकरी पडायची. त्या भाकऱ्यांच्या मधल्या वेळात मी घरी फोन लावला.

"आबा, गाडी बंद पडली."

"कुठं?"

"आत्याच्या दारात."

पलीकडं आबांनी सुवर्णाला हाक मारून पिकअप काढायला सांगितलं. मग आबा म्हणाले, "येतो."

सुवर्णाच्या दुधाच्या पिकअपमधून आबा आले. फाटकात उभे राहिले. दारातली मेलेली गाडी बघितली, ॲक्सिलरेटरवरची वीट बघितली. आत्या दारात येऊन थांबली होती, पण "ये" म्हणत नव्हती. आणि आबा एकाएकी बोलून गेले, "शांते, त्या दिशी माजंबी ह्येच झालं हुतं."

"काय झालं हुतं?"

"गाडी बंद केली असती तर परत चालू झाली नसती. दाजींना मी तुझ्या लग्नापासनं सांगत आलोय, ही गाडी दगा देत न्हाय म्हणून. त्यांच्याच दारात, सगळ्या पाव्हण्यांम्होरं ढकलायला लावायची? मला लाज वाटली. म्हणून उतरलोच न्हाय."

मामांनी आ वासला. आत्या आबांकडं बघतच राहिली. "म्हंजी भनीपरास गाडीची अब्रू मोठी?"

"चुकलं माझं," आबा म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. आत्याला रडू फुटलं, रडता रडता हसू आलं आणि ती तांब्या भरून आणायला आत पळाली. "आदी पाय धू मेल्या, मग ये," असं म्हणत तिनं स्वतः त्यांच्या पायावर पाणी घातलं. आबांनी वाकून उंबऱ्याला हात लावला आणि आत पाऊल टाकलं. मी तोंड फिरवून उगाच इंजिनात बघत उभा राहिलो, कारण माझेही डोळे वाहायला लागले होते.

सुवर्णा इंजिनात बघायला माझ्या शेजारी आली. तिनं फुगलेला तुकडा बोटानं दाबला, उलटा केला, खाचा बघितल्या. "आबा," तिनं घरात हाक दिली, "चंद्रीच्या मॅटचा गेलेला कोपरा सापडला!"

परतीला सुवर्णानं पिकअपला दोर बांधून गाडी ओढत आणली. स्टिअरिंगवर मी, मागच्या सीटवर बहीणभाऊ. आत्याची अट शब्दशः पाळली गेली, ती त्याच गाडीतून माहेरी आली. इंजिन बंद असल्यामुळं मागचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता. थोडा वेळ दोघं लहानपणाचं बोलले. मग गाईचं अंथरूण कापणारा हा पोरगा गेलाय कुणावर, ह्यावर चर्चा सुरू झाली. आबांचं मत, माझ्या आईकडच्यांवर. आत्याचं मत, असलं डोकं त्या घरातसुद्धा कुणाला नव्हतं. आपल्या घरावर तर नाहीच, ह्यावर मात्र एकमत; इतक्या वर्षांत त्यांचं हे पहिलंच.

आत्या यात्रेला राहिली, यात्रेनंतरही राहिली. आबा आता ओसरीवर रस्त्याकडं पाठ करून बसायला लागले. पुण्याहून खरी मौंटिंग आली, ती मेकॅनिकनं बसवली, आणि मेकॅनिक गाडीखाली असेपर्यंत मला अंगणात यायची बंदी होती.

पण गावात माझं नाव झालं ते झालंच. परवा आमच्या भावकीतला धाकटा आला. त्याचं आणि थोरल्याचं बांधावरून बोलणं बंद आहे. मोटारसायकल माझ्यासमोर लावून हळूच म्हणाला, "दादा, हिला जरा हात लावा. थोरल्याच्या दारात गेल्यावर बंद पडली पायजे."

मी मन लावून हात लावला. ती आमच्याच दारातून हलली नाही!