प्रकृतीसाठी एक क्वार्टर

दुपारचे साडेचार. तुमसर, विदेशी दारूच्या दुकानासमोरचा पानठेला.

तिथं माझ्यासारखा पत्रकार काय करत होता? पाळत ठेवत होता. गेल्याच महिन्यातली गोष्ट, आणि फजिती अशी की चहा गार झाला तरी चालेल, पण पूर्ण ऐका.

आपल्या राज्यात दारू प्यायला परवाना लागतो, हे पिणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे? तो मिळतो प्रकृती राखण्यासाठी. म्हणजे कायद्याच्या नजरेत राज्यातला प्रत्येक बेवडा आजारी! तर विनापरवाना विक्रीवर मी बातम्यांची मालिकाच चालवली होती. दुकानदार इतका हादरला, की प्रत्येक गिऱ्हाइकाला एकदिवसीय परवाना फाडून देता देता त्याचं परवान्यांचं पुस्तकच संपलं आणि आता तो परवान्याशिवाय बाटलीचं झाकणही दाखवत नव्हता. इतक्या वर्षांत माझ्या बातमीचा परिणाम झालेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. छाती फुगणार नाही तर काय?

तेवढ्यात एक बाई धापा टाकत दुकानावर आली.

"व्हिस्की द्या जी. डॉक्टरबाईनं लिहून देल्ली."

"परवाना?"

"चिठ्ठी हाये ना."

"चिठ्ठी नाही चालत, बाई. ते पाहा, पत्रकार उभे हायेत. मले कायले मारता?"

डॉक्टर दारू लिहून देते? मी रस्ता ओलांडून चिठ्ठी घेतली, फोटो काढला आणि पुरावा म्हणून खिशात टाकली.

"भाऊ, चिठ्ठी द्या ना. माह्या मालकाले दिसून नाही राह्यलं."

"पिल्यावर कोणाले दिसते, बाई?"

पानठेल्यावरून एक जण ओरडला आणि हशा पिकला. मीही हसलो.

बाई आल्या पावली पळत गेली. मी कार्यालयात फोन करून फोटो आणि शीर्षक दोन्ही दिलं, 'डॉक्टरच पाजतात दारू', आणि स्कूटर काढून जाब विचारायला दवाखाना गाठला.

डॉक्टरबाई तरुण होत्या. मला बघताच म्हणाल्या, "बाटली आणली?"

"बाटली नाही, प्रश्न आणलाय. कुठल्या नियमात बसतं हे?"

"हा कवडू, राइस मिलमध्ये हमाल. काल हातभट्टी प्यायला, त्यात विषारी स्पिरिट होतं. उतारा माझ्याकडे नाही, अँब्युलन्स अजून आली नाही. तोवर चांगली दारू नळीनं पोटात गेली तर विष रोखलं जातं. त्याचे डोळे जाताहेत. नियम मग शिकवा."

खाटेवर कवडू बायकोचा चेहरा चाचपत होता.

स्कूटर उलटी फिरवली.

"परवाना?" दुकानदार म्हणाला. "असे काय पाहता? तुमीच तं छापलं, साहेब."

पाकीट उपसलं. होता की माझ्याकडे, आजन्म परवाना. प्रकृती राखण्यासाठी. माझी प्रकृती तुम्ही बघताच आहात, स्कूटर एका बाजूला झुकते. ज्याचे डोळे चालले त्याला डॉक्टरची चिठ्ठी पुरत नाही, आणि ज्याला सर्दीसुद्धा होत नाही त्याला जन्मभराची मुभा! हा नियम कुठल्या शहाण्याच्या डोक्यातून निघाला असेल?

बाटली पोचली. कवडू जगला. डोळे गेले.

"आधी मिळाली असती तर?" मी डॉक्टरबाईंना विचारलं.

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

त्या धावपळीत शीर्षक थांबवायचं राहून गेलं. छापून आलं, तेही पहिल्या पानावर. डॉक्टरबाईंना नोटीस आली.

परवा कवडूच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं पाणी समोर ठेवलं आणि ती आत गेली. कवडू दारातल्या बाजेवर बसला होता.

"भाऊ, पेपरात आलं म्हनतेत आमचं. वाचून दाखवा ना."

नाही कसं म्हणणार? वाचलं. डॉक्टर, दुकान, चिठ्ठी, माझं नाव, सगळं होतं. त्यानं मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकलं.

"अन् ते स्पिरिट कोनं टाकलं, ते?"

ते मी लिहिलं नव्हतं. नोटिशीनं डॉक्टरबाईंकडून लेखी खुलासा मागवलाय. स्पिरिटचा खुलासा अजून कुणाकडेच मागितलेला नाही.