मुरुमच्या बाजारातली दोन चित्रं

एतिएन यांना मी धाराशिवच्या स्टँडवरच सांगून टाकलं, "मी दुभाषी आहे, हमाल नाही." सत्तरीचे गृहस्थ. मुकाट्यानं आपली पिशवी उचलून तेरच्या एसटीत चढले. दक्षिण फ्रान्समधल्या एका वर्तमानपत्रात त्यांनी चाळीस वर्षं व्यंगचित्रं काढली होती. पेपर बंद पडल्यावर ते मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढू लागले. आता त्यांना बाजारांवर पुस्तक करायचं होतं, आणि मला पुण्याबाहेर आठ दिवस हवे होते.

तेरच्या संग्रहालयात ते मातीच्या जुन्या बाहुल्यांपुढे तासभर उभे राहिले. एकीचे कान खांद्यापर्यंत लोंबत होते. "हा कारागीर माझ्याच धंद्यातला," ते म्हणाले. दुपारी एका घरी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि माडगं (हुलग्याच्या पिठाची गरम, पातळ पेज) मिळालं. एतिएननी तीन वाट्या माडगं संपवलं. परतताना एसटीत त्यांची शाईची बाटली फुटली आणि दोन सदरे कामातून गेले.

दुसऱ्या दिवशी मुरुमला वह्या-पुस्तकांच्या दुकानात निळी शाई घेतली आणि गुरांच्या बाजारात शिरलो. इथं भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि त्याखाली बोटं दाबून सौदा करायचा. एतिएन जागीच थांबले. शिवाप्पा नावाचे वृद्ध शेतकरी आपला देवणी बैल विकत होते. गिऱ्हाईक उमरग्याकडचा तरुण. शिवाप्पांची बायको, महादेवी, लिंबाखाली पोत्यावर बसली होती. मी चहा घेऊन तिच्या शेजारी टेकले.

"ह्यो तिसरा बाजार," ती म्हणाली. "दर बारीला गिऱ्हाइकात खोट काढून बैल माघारी आणत्यात. रान आता ट्रॅक्टरनं होतंय. ह्यो नुसता उभा. पाणी कोण पाजतंय, शेण कोण काढतंय? म्या. गुडघे बघा, बाई, कसे सुजल्यात. म्हणून आज संगंच आले."

एतिएन यांचा एक नियम आहे: ज्याचं चित्र, त्याला ते सगळ्यात आधी दाखवायचं. सौदा उरकेपर्यंत ते थांबले नाहीत; चित्र होताच त्यांनी वही शिवाप्पांपुढे धरली. मी त्यांना अडवायला हवं होतं, पण चहा गरम होता. चित्रात शिवाप्पांचा टॉवेलाखालचा हात काडीएवढा होता आणि बैलाचा दोर आवळलेली डावी मूठ त्यांच्या डोक्याहून मोठी.

गिऱ्हाइकानं वाकून पाहिलं आणि आपला हात काढून घेतला.

"मामा, तुमाला इकायचाच न्हाय! उगं माझी बोटं दाबताय."

"घावलं की म्हातारं!" कुणीतरी ओरडलं.

"आता मी काय करू?" शिवाप्पा म्हणाले. "चित्रच तसं आलंय." त्यांना हायसं वाटलेलं लपत नव्हतं.

महादेवी उठून आली. चित्रात तीही होती, कोपऱ्यात, बोटाएवढी.

"लई झ्याक काढलंय," ती मला म्हणाली. "पर इचारा ह्या पाव्हण्यांना, आमच्या मालकांची मूठ दिसली, माजे गुडघे दिसले न्हाईत व्हय?"

मी शब्दाला शब्द भाषांतर केलं. एतिएन कानापर्यंत लाल झाले. त्यांनी पान उलटलं आणि तिच्यासमोर मातीतच बसले. दहा मिनिटांत दुसरं चित्र झालं. दोन धोंड्यांएवढे गुडघे, त्यांवर रवंथ करत उभा बैल आणि बैलाच्या पाठीवर ऐटीत शिवाप्पा.

ते आधी महादेवीला दाखवलं. ती हसली नाही. तिनं वही नवऱ्यापुढं धरली. "बघा, कुठं बसलाय ते."

भोवतालचे लोक पोट धरून हसले. शिवाप्पा मात्र बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी दोर बायकोच्या हातात दिला आणि गिऱ्हाइकाला हाक मारली. "पोरा, ये. टाक टॉवेल."

सौदा पटकन झाला. बैल निघाला तेव्हा शिवाप्पा एवढंच म्हणाले, "डाव्या अंगाला बांध त्याला. उजवीकडं बांधलास तर खात न्हाय."

परतीच्या एसटीत एतिएन वही मिटून बसले होते.

"चाळीस वर्षं मंत्र्यांची चित्रं काढली," ते म्हणाले. "तेच मंत्री मूळ चित्र मागून घेऊन दिवाणखान्यात लावत. कुणाची खुर्ची हलली नाही. चित्रानं काही होत नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "त्या माणसाला आज झोप लागेल?"

"नाही," मी म्हणाले. "पण उद्या पहाटे तिला उठावं लागणार नाही."

त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही. धाराशिव येईपर्यंत आम्ही दोघंही बहुधा शिवाप्पांच्या गोठ्याचाच विचार करत होतो. मला तो झाडून काढलेला दिसत होता, त्यांना नुसता रिकामा.