बाईंच्या खोलीतलं अत्तर

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी मी आठवडाभर गोंदियाला जात होते. शेवटच्या दिवशी बाजारातून अत्तराची एक बाटली घेतली, करंगळीएवढी. दुकानदारानं काचेची कांडी माझ्या मनगटाला टेकवली आणि म्हणाला, "ऊपर संतरा-नींबू है, नीचे पचौली. नींबू घंटे भर में उड़ जाएगा बहनजी, पचौली शाम तक रहेगी."

पचौली म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं. तुळशीसारखं झुडूप असतं, त्याचा पाला वाळवून तेल काढतात, असं त्यानंच सांगितलं. सौंदडच्या गाडीत बसेपर्यंत मनगटावर नुसतं संत्र्याचं साल होतं, डोळ्याजवळ पिळल्यावर झोंबतं तसं. घरी पोचले तेव्हा ते गेलेलं होतं, आणि त्याच्या जागी ओला पाला, जुनं लाकूड, बरेच दिवस न उघडलेली पेटी असं काहीतरी आलं होतं. मला हा दुसराच वास जास्त आवडला. त्यात गोडवा नव्हता. कोणाला खूश करायचा तो प्रयत्न करत नव्हता.

कोहमाऱ्याजवळच्या शाळेत मी तिसरीला शिकवायची. पोरं विचारायची, "मॅडम, तुमी संत्रा खाऊन आल्या का?"

घरी मात्र बाईंना ते खपलं नाही. बाई म्हणजे माझी मोठी नणंद. नवऱ्यानं टाकल्यापासून त्या माहेरीच राहत होत्या. सासू-सासरे गेल्यावर घरात त्या, माझे यजमान आणि मी. बाई ओसरीत मांडीवर सूप घेऊन दिवसभर बिड्या वळायच्या. गालात तंबाखू, बोटांना तंबाखू, लुगड्याला तंबाखू. मी शाळेला निघाले की मान वर न करता म्हणायच्या, "काऊन वो मास्तरीन, शिकवायले जाऊन राहिली का लग्नात?"

मी हसून निघून जायची. आमच्यात भांडण नव्हतं. माया होती असंही मी म्हणणार नाही. एका घरात दोन बायका राहतात, तशा आम्ही राहत होतो.

तोंडातला फोड बाईंनी किती महिने लपवला, ते त्यांनाच ठाऊक. तिखट सोडलं, मग भाकर सोडली, नुसता भात कालवून गिळू लागल्या. एकदा चहा पिताना त्यांच्या गालातून बाहेर थेंब आला, तेव्हा मला कळलं. यजमान त्यांना आधी गोंदियाला, मग नागपूरला घेऊन गेले. किरणांचे शेक दिले. दीड महिन्यानं परत आणलं तेव्हा नाकात नळी होती आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता घरीच सांभाळा.

मागची खोली त्यांना दिली. जखम गालभर पसरली. तिच्या वासाबद्दल लिहिणं मला आजही जड जातं. मेलेल्या उंदराचा वास म्हणतात लोक, पण उंदीर शोधून बाहेर टाकता येतो. इथं त्या वासाला डोळे होते आणि ते माझ्याकडे बघत होते.

यजमान उंबऱ्याच्या आत यायचे नाहीत. दाराशी उभे राहून विचारायचे, "कसं वाटते, बाई?" आणि उत्तर यायच्या आत वळायचे. त्यांनी आपली खाट ओसरीत हलवली. सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी आल्यावर जखम मीच धुवायची. मिठाचं कोमट पाणी, कापूस, डॉक्टरांनी दिलेल्या गोळीची पूड जखमेवर, वरून पट्टी. मग नळीतून पेज.

पहिल्या आठवड्यातच मी बाटली काढली. पदराला दोन थेंब, एक नाकाखाली. संत्र्यानं खरंच आधार दिला. त्या झोंबऱ्या वासाआड पट्टी होईपर्यंत मी तग धरू शकायची. पण वेळ लागला की संत्रं उडून जायचं आणि खालची पचौली जखमेच्या वासात मिसळायची. ती त्याला झाकत नव्हती, त्याच्या हातात हात घालून चालत होती. दोन्ही मिळून जे व्हायचं, ते नुसत्या जखमेपेक्षा वाईट होतं. शाळेत फळ्यावर लिहिताना पदर पुढे आला की मी तो मागे ढकलून कमरेला खोचायची.

एक दिवस मी पट्टी सोडत असताना बाईंनी माझा पदर धरला. त्यांचं बोलणं फुटकं झालं होतं, मला सवयीनं कळायचं.

"माह्या वासानं लावतेस ना?"

"नाही बाई. शाळेत जायचं असतं, म्हणून लावते."

त्यांनी पदर सोडला नाही. मग म्हणाल्या, "आज इतवार हाये."

माझ्या हातात कापूस होता. मी तो पाण्यात बुडवला, पिळला, पुन्हा बुडवला.

दुसऱ्या दिवशी मी अत्तर लावलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी पट्टी अर्धवट टाकून मी मागच्या अंगणात धावले आणि विहिरीच्या काठाशी ओकले. तोंड धुऊन आत आले तर बाई तशाच बसलेल्या, उघडी जखम हातानं झाकून. माशी बसू नये म्हणून.

"लाव वो," त्या म्हणाल्या. "मले राग नाई. तू आली नाई त कोन येईल?"

मी लावलं. त्यानंतर रोज लावलं, संपलं तेव्हा गोंदियाहून तशीच नवी बाटली मागवली. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही, पण बाटली आता उघड त्यांच्याच खोलीतल्या कोनाड्यात राहू लागली.

बिडीच्या कामावरच्या चार बायका भेटायला येणार, असा निरोप आला, त्या दिवशी बाईंनी पांढरं लुगडं नेसायला मागितलं आणि बोटानं कोनाडा दाखवला. मी त्यांच्या पदराला, केसांना, पायांनासुद्धा अत्तर लावलं. बायका आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. एकीनं पदर नाकाला लावला, मग लाजून खाली केला. दुसरी म्हणाली, "वास मोठा चांगला येऊन राहिला वो तुझ्या खोलीत." पाच मिनिटांत त्या उठल्या. जाताना केळी ठेवून गेल्या. नाकातल्या नळीवर जगणाऱ्या बाईला केळी.

त्या गेल्यावर बाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या. संध्याकाळची पट्टीही करू दिली नाही.

बाई गेल्या तेव्हा मी वर्गात होते. शेजारचा माणूस सायकलनं निरोप घेऊन आला. मला सगळ्यात आधी काय वाटलं, ते मी कोणाला सांगितलेलं नाही. वाटलं, आज संध्याकाळी पट्टी नाही.

घरी पोचले तर अंगणात माणसं जमली होती. मेणबत्त्या लागल्या होत्या. बाईंना पांढऱ्या चादरीत गुंडाळून ओसरीत ठेवलं होतं, आणि यजमान त्यांच्यावर वाकून माझी बाटली उपडी करत होते. तोंडावर, छातीवर, चादरीच्या टोकापर्यंत. सगळं संत्रं एकदम उसळलं आणि अंगण भरून गेलं. कोणाला तरी ठसका लागला.

मी त्यांचा हात धरला. "काय करता हे?"

"खांदा देनारे लोक उभे राह्यले पाह्यजे ना," ते म्हणाले. त्यांचे डोळे सुजलेले होते. मला त्या माणसाचा इतका राग आला की हात सोडताना मी तो झटकला, आणि चार लोकांनी ते पाहिलं. मग भंतेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, बाईंना नेलं. खांदा द्यायला माणसं कमी पडली नाहीत. यजमानांचं म्हणणं खरं ठरलं, हे त्या दिवशी मला सगळ्यात जास्त लागलं.

मागची खोली आम्ही दोनदा चुन्यानं रंगवली. शेणानं सारवली, निंबाचा पाला जाळला. जखमेचा वास पहिल्या पंधरवड्यात गेला. पचौली पावसाळाभर राहिली. दमट दिवशी भिंतीतून यायची.

मी पुन्हा कधी कुठलं अत्तर लावलं नाही. काही वर्षांनी अर्जुनी मोरगावला बदली झाली, आम्ही तिकडे भाड्याच्या घरात गेलो. बाईंबद्दल घरात बोलणं व्हायचं नाही. एकदा दुपारी जेवताना, काही विषय नसताना, यजमान ताटाकडे बघत म्हणाले, "मी आत यायले पाह्यजे होतो."

कशाबद्दल, ते मला विचारावं लागलं नाही.

"हो," मी म्हटलं.

मी त्यांना धीर दिला नाही, आणि द्यावासा वाटलाही नाही. थोडा वेळ त्यांचा हात भातात तसाच थांबला. मग ते जेवू लागले, आणि मीही.